दोन फेऱ्या

माझा दीर बाल्तासार हवाई दलात कर्नल झाला तेव्हा आमच्या लास गार्सासच्या लोकांनी त्याच्या नावाने डुक्कर कापलं. वर्ष उलटलं नाही तोच तीच माणसं त्याच्या नावाने खडे फोडायला लागली. मधल्या काळात त्याने केलं काय होतं? विमानं पडायची थांबवली होती, दुसरं काही नाही.

आमच्या गावाला रस्ता नाही. कोरड्या दिवसांत बैलगाडी जाते आणि नदी फुगली की तीही जात नाही. बाकी आहे ती गवताची धावपट्टी आणि आठवड्यातून एकदा येणारं हवाई दलाचं विमान. लष्कराचं विमान म्हणजे त्याला बंदुका-बिंदुका असतील असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नव्हतं. आमच्या देशाला शत्रू परवडत नाही. हवाई दलाचं काम म्हणजे मास्तर, मीठ, बाळंतीण आणि कुणाच्या तरी कोंबड्या इकडून तिकडे पोचवायच्या आणि परतताना सोललेली गुरं भरून राजधानीच्या बाजारात न्यायची. त्या मांसावर कुठल्या कुठल्या जनरलांची घरं उभी राहिली ते सगळ्यांना ठाऊक होतं. विमान माझ्या वडिलांच्या तरुणपणातल्या युद्धातलं, पोट सुटलेलं. आम्ही त्याला जाडी म्हणायचो.

जाडीची यायची एक रीत होती. पहिली फेरी छपरांवरून, इतकी खालून की अंगणातली कोंबडी घरात पळावी. ती फेरी म्हणजे पट्टीवरची गुरं हाका, पोरं उचला. मग कुणीतरी ओला पाला पेटवायचं आणि दुसऱ्या फेरीत वैमानिक धूर बघून वारा कुठला ते ठरवायचा. तिसऱ्या खेपेला ती उतरायची. पहिल्या फेरीला आम्ही उठायचो, दुसरीला चालायला लागायचो आणि ती थांबेपर्यंत पट्टीवर पोचायचो. मी लहानाची मोठी झाले तरी यात फरक पडला नाही. जाडी नदीपलीकडे दिसली तरी हातातलं काम कुणी टाकायचं नाही. अजून दोन फेऱ्या आहेत, असं म्हणायचं आणि करत राहायचं.

माझा नवरा फाउस्तिनो जाडी चालवायचा. आमच्या घरावरून जाताना तो मुद्दाम आणखी खाली यायचा आणि घराला वळसा घालायचा. मी दारात उभी राहून हात वर करायची. इहिनिया, माझी शेजारीण, म्हणायची, "तुझा नवरा एक दिवस तुझ्या पातेल्यात उतरणार." मला ते आवडायचं. उगाच कशाला लपवू? सगळ्या गावासमोर नवरा आभाळातून आपल्या घराला वळसा घालतोय, हे कुठल्या बाईला आवडणार नाही?

एका दुपारी त्याने शाळेसाठी सिमेंट आणि छपराचे पत्रे आणले होते. घरावर वळला. डावं इंजिन खोकलं, तो पंख खाली झुकला आणि पुन्हा वर आलाच नाही. जाडी पट्टीपलीकडच्या दलदलीत गेली. माझा हात वर होता तो खाली घ्यायचंही मला सुचलं नाही. आनिबाल, आमचा मुलगा, माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचाही हात वर होता.

दफनाला बाल्तासार आला तेव्हा रडला नाही. त्याने विचारलं, गोण्या किती भरल्या होत्या. सख्खा भाऊ गेला आणि हा सिमेंट मोजतोय म्हणून मला त्याचा इतका संताप आला की वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याचं रडणं तेच होतं हे मला फार उशिरा कळलं.

जाडीच्या आणखी दोन बहिणी होत्या, त्यातली एक पुढच्या पुरात डोंगराला धडकली. मग काही वर्षांनी राजधानीत सरकार बदललं, परदेशातून चार शहाणी माणसं सल्ला द्यायला आली आणि त्यांना हवं तसं बोलणारा एकच अधिकारी सापडला, तो म्हणजे बाल्तासार. त्याच्या हातात हवाई दल दिलं. त्याने पहिल्यांदा मांस बंद केलं. मग विमानतळावर काटा बसवला आणि माणसांना कोंबड्यांसकट वजन करूनच आत सोडायला लागला. आमच्या गावच्या जाड्या बायकांनी त्याला काय काय शिव्या दिल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. जुन्या कप्तानांना पदकं लावून घरी पाठवलं. नव्या पोरांना इंजिन सुरू करण्याआधी काय काय तपासायचं ते लिहिलेला एक पुठ्ठा मोठ्याने वाचायला लावला आणि जुने कप्तान कट्ट्यावर बसून हसायला लागले, म्हणे पोरं विमान चालवतायत की देवाची प्रार्थना म्हणतायत. परदेशातून वापरलेली पण चांगली विमानं आली. लहान, पांढरी, आवाजाला हलकी. त्यातलं एक आमच्याकडे यायला लागलं, गावाने त्याचं नाव नवरी ठेवलं.

हे सगळं लोकांनी कुरकुरत का होईना सोसलं. सोसलं नाही ते एकच: बाल्तासारने फेऱ्या बंद केल्या.

तो माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला सांगत होता. विमान जड असणं, खाली असणं आणि वळणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस मरतो. जडपणा मी काट्याने कमी करीन, पण पूर्ण नाही करू शकत. उतरायचं तर खाली यावंच लागतं. मग राहिलं वळणं. तेवढं आपल्या हातात आहे. यापुढे विमान लांबूनच पट्टीच्या रेषेत येईल आणि सरळ उतरेल. पट्टी मोकळी नसेल तर सरळ वर जाईल आणि उंच गेल्यावरच परत फिरेल. फेरी मारायची नाही, मग खाली कुणाची आई मरत असो.

"हे फाउस्तिनोला तेव्हा सांगायला हवं होतं," तो म्हणाला. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

फेऱ्या नाहीत तर पट्टी मोकळी कोण करणार? त्यासाठी त्याने गावाला वायरलेस आणि हाताने फिरवायचा एक भोंगा दिला आणि दोन्ही माझ्या ताब्यात दिले. विमान शेजारच्या गावाहून निघालं की मला वायरलेसवर कळणार आणि मी बाहेर जाऊन खांबावरच्या भोंग्याचा दांडा फिरवायचा. त्याचा आवाज पाय तुटलेल्या बैलासारखा होता. लोक म्हणायचे, एर्मेलिंदाचा, म्हणजे माझा, बैल ओरडला, म्हणजे नवरी निघाली.

मी त्या नियमासाठी सगळ्या गावाशी भांडले. लोकांना वाटायचं की विमान न फिरता उतरतं म्हणजे आपल्याला ओळख दाखवत नाही. कुणाच्या घरी जायचं आणि दारात हाक न मारता सरळ आत घुसायचं, तसलं काहीतरी. इहिनियाचा नवरा सेवेरो तर म्हणाला, "तुझ्या दिराने आमच्या डोक्यावरचं आभाळ काढून घेतलं." सेवेरो कातडी कमवायचा. फार चांगला माणूस. फाउस्तिनो गेल्यावर आनिबालला पोहायला त्याने शिकवलं, त्याच्या कमरेचा पहिला पट्टा त्याने बनवला. मी त्याला म्हटलं, "आभाळ राहू दे, माणसं तर राहतील." तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, तू बोलायला लागलीस की कर्नलच बोलतोय असं वाटतं."

मी का भांडत होते ते गावाला ठाऊक होतं. आनिबाल हवाई दलात गेला होता. मी रडले, जेवण सोडलं, बापाच्या थडग्यावर त्याला शपथ घालायला नेलं. तो तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मला दुसरं काही येत नाही." मग मी मनाशी ठरवलं की हा उडणारच असेल तर वळल्याशिवाय उडू दे. मला नियम-बियम काही कळत नव्हतं. मला माझा मुलगा घराला वळसा घालताना दिसायला नको होता, एवढंच.

राजधानीतले जनरल गप्प बसले नव्हते. मांस बंद झाल्यापासून त्यांच्या पोटात दुखत होतं. एक अपघात होऊ दे, मग बाल्तासारची ही सगळी नवी घडी उचलून फेकून देऊ, असं ते उघड म्हणायचे. शेवटची जाडी त्यांनी मोडीत काढू दिली नव्हती. ती विमानतळावर हवा भरलेल्या चाकांवर उभी होती.

त्या वर्षी पूर मोठा आला. आमची पट्टी गावात सगळ्यात उंच, त्यामुळे पुरात सगळं तिच्यावर येतं. गुरं, चुली, दोरीवरचे कपडे, कुणाचा पलंगसुद्धा. त्यात आठवडाभर पाऊस आणि त्या दिवशी सकाळी ऊन पडलं. ऊन पडल्यावर जो तो आपली ओली वस्तू घेऊन पट्टीवर पसरायला धावला. सेवेरोने नदीकडच्या टोकाला कातडी पसरली होती.

नवरी घेऊन आनिबाल येणार होता. आमच्या गावी विमान घेऊन यायची त्याची पहिलीच वेळ. वायरलेसवर त्याचा आवाज आला तेव्हा माझ्या छातीत धडधडत होतं, पण भीतीने नाही, खरं सांगते, आनंदाने. मी बाहेर गेले आणि दांडा फिरवायला लागले. हात भरून येईपर्यंत फिरवला. त्या दिवशी तो भोंगा नदीपलीकडच्या मळ्यातसुद्धा ऐकू गेला, असं मला तिथल्या माणसांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

लोक उठले. पण आमचे लोक उठतात तसे उठले. बायांनी कपडे खांद्यावर टाकले, गुरं हाकली, पलंग दोघांनी उचलला आणि उचलता उचलता गप्पा मारल्या. बघता बघता पट्टी मोकळी होत आली. मी ओरडत होते, चला चला. सेवेरो कातड्यांचा भारा घेऊन कडेला पोचला होता. पट्टीवर एकच कातडं राहिलं होतं. तो भारा टाकून परत फिरला.

मी त्याला बघितलं. तो कातडं उचलायला वाकला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला, डोळ्यांवर दुसऱ्या हाताची सावली धरली आणि छपरांच्या वर बघायला लागला, जिथून जाडी यायची तिथे. विमान आलं का, पहिली फेरी कुठवर आली, ते तो बघत होता. नवरी त्याच्या पाठीमागून आली, नदीवरून, पाण्याला लागून, सरळ.

पुढचं मी सांगणार नाही. आनिबाल विमान थांबवून खाली उतरला तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं नाही. तो पळत मागे गेला आणि चिखलात बसला.

त्या रात्री सेवेरोच्या घरी सगळं गाव जमलं होतं. मेणबत्त्या, कॉफी, प्रार्थना. इहिनिया माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ती मला म्हणाली, "मीच म्हटलं गं त्याला. तो म्हणत होता राहू दे ते एक. मी म्हटलं, घेऊन ये, अजून दोन फेऱ्या आहेत." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार? तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. गावातला कुणीही तेच म्हणाला असता. भोंगा सगळ्यांनी ऐकला होता, फेऱ्या बंद झाल्या हेही सगळ्यांना माहीत होतं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

चौकशीला राजधानीहून माणसं येणार होती. त्यांच्या आदल्या दिवशी बाल्तासार आला. माझ्यासमोर बसला तेव्हा तो एकदम म्हातारा दिसला. त्याने मला सगळं उलगडून सांगितलं. भोंगा वाजला असेल तर चूक एक तर नियमाची, नाहीतर वैमानिकाची. नियमाची ठरली की नियम जाणार, बाल्तासार स्वतःही जाणार, फेऱ्या परत येणार आणि मागोमाग जाडी आणि मांस. वैमानिकाची ठरली तर आनिबालने माणूस दिसताक्षणी वर जायला हवं होतं असं म्हणतील, त्याच्या छातीवरचे वैमानिकाचे पंख काढून घेतील आणि तुरुंगातही टाकतील.

"तिसरं काही?" मी विचारलं.

"तिसरं काही नाही. भोंगा वाजला होता. सगळ्या गावाने ऐकला."

बाल्तासार सरळ माणूस आहे, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. पण तो उठलाही नाही. माझ्या हातचा माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, त्याने थंड होईपर्यंत हातात धरून ठेवला. मी पेला मागून घेतला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, तू उद्या काय बोलशील त्यात मी पडणार नाही." मग गेला.

मी रात्रभर विचार केला असं म्हणायला हवं, पण तसं काही झालं नाही. विचार करायचा होताच कशाला? नियम गेला असता तर आनिबाल पुन्हा जाडीत बसला असता आणि माझ्या घराला वळसे घातले असते. नियम राहिला असता आणि दोष त्याच्यावर आला असता तर तो जिवंतपणी मेला असता. मला झोप चांगली लागली.

शाळेच्या खोलीत चौकशी झाली. मोठी मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. प्रश्न विचारणारा ओसोरिओ नावाचा कमांडर होता. गोड बोलायचा, आणि मांसवाल्या जनरलांच्या गोटातला आहे ते त्याच्या चकचकीत बुटांवरून कळत होतं. भोंगा वाजला होता हे माझ्या तोंडून आलं की त्याचं काम होणार होतं. त्याने मला आधी पाणी विचारलं, मग सांत्वन केलं, मग म्हणाला, "तर तुम्ही भोंगा वाजवलात."

"नाही," मी म्हटलं. "माझा डोळा लागला."

खोलीत कुणीतरी खोकलं. ओसोरिओने माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं. "बाई, नीट आठवा."

"काय आठवू? झोपेतलं कुणाला आठवतं? पूर होता, रात्री जागून काढल्या होत्या. वायरलेसवर निरोप आला, म्हटलं क्षणभर टेकते. जाग आली ती किंकाळीने."

"तुमचा स्वतःचा मुलगा येत होता आणि तुम्हाला झोप लागली?"

"तो येतोय म्हणूनच जिवाला जरा बरं वाटलं होतं, साहेब."

त्याला ते पटलं नाही, दिसत होतं. त्याने भिंतीला लागून उभ्या असलेल्या गावाकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं की भोंगा कुणी कुणी ऐकला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकाने जरी हो म्हटलं असतं तर संपलं होतं. मी कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतं. कुणाच्या पाया पडायची सवय नाही मला.

ओसोरिओ इहिनियाकडे वळला. ती काळे कपडे घालून पहिल्या बाकावर बसली होती. तो तिला म्हणाला, "बाई, तुमचा माणूस गेलाय. तुम्ही खरं सांगाल. भोंगा वाजला होता ना?"

इहिनियाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "नाही." पहिल्यांदा अगदी बारीक आवाजात म्हणाली, गार पाण्यात पाय घालून बघावा तशी. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नाही वाजला."

जिचा नवरा गेला तीच नाही म्हणते म्हटल्यावर हो कोण म्हणणार? मास्तर म्हणाले नाही. पलंग उचलणारे दोघे म्हणाले नाही. वाटलं, या बाईने माझं लेकरू वाचवलं. आयुष्यभर तिचे पाय धुवून पाणी प्यावं इतकी मी तिच्या ऋणात होते.

निकाल लागला. दोष माझा. मला वायरलेसवरून काढलं, भोंगा मास्तरांकडे दिला, विमान येताना पट्टीवर पाय ठेवायचा नाही अशी मला ताकीद दिली. आनिबाल सुटला. नियम राहिला.

सेवेरोच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी मांसाचं कालवण आणि उकडलेला युका कंद घेऊन गेले. सगळ्या बाया अंगणात होत्या. इहिनिया दारात आली आणि तिने चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावले. मी थांबले.

"तुझं अन्न आमच्या घशाखाली उतरणार नाही," ती म्हणाली. "तू भोंगा वाजवला असतास ना, तर मी त्याला हाताला धरून ओढून आणलं असतं."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. बायांना ऐकवायला बोलतेय, असं मला वाटलं. आता डोळा मिचकावेल, नाहीतर भांडं घेताना माझी बोटं दाबेल. तसलं काही नव्हतं त्या डोळ्यांत. तिने ते खरं धरलं होतं. मी तिच्यासाठी खोटं बोलले नव्हते, पण ते खोटं माझ्यापेक्षा तिच्याच जास्त उपयोगी पडलं होतं. भोंगा वाजलाच नसेल, तर तिने त्याला परत पाठवलं ते काही चूक नव्हतं. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं: अगं, माझ्या मांडीवर पडून काय म्हणालीस ते विसरलीस? पण ते बोलले असते तर तिने दुसऱ्यांदा नवरा मारला असता. आणि माझा मुलगा वाचलाच नसता. मी भांडं पायरीवर ठेवलं आणि घरी आले. दुसऱ्या सकाळी ते माझ्या दारात होतं, भरलेलं, वर मुंग्या.

त्यानंतर इहिनिया माझ्याशी बोलली नाही. गावही फारसं नाही. पलंग उचलणाऱ्यांपैकी एक जण मला वाटेत म्हणाला, "वहिनी, माणसाला झोप आवरता यायला हवी." त्याच्या कानांनी भोंगा ऐकला होता. मी त्याला म्हटलं, "खरं आहे बाबा." सगळ्यांनी ते खोटं पोटच्या पोरासारखं सांभाळलं, आणि शेवटी ते खोटं आहे हे गावात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक राहिलं नाही.

बाकी सगळं बाल्तासारच्या मनासारखं झालं. ओसोरिओ हात हलवत परत गेला. शेवटची जाडी भंगारात विकली. देशातल्या प्रत्येक गवताच्या पट्टीवर भोंगा बसला. आमच्याकडे मास्तर तो वाजवतात आणि गाव पट्टीवरून असं पळतं की चपलासुद्धा मागे राहतात. फेऱ्यांचं नाव कुणी काढत नाही. त्यानंतर या देशात एकही विमान पडलेलं नाही, हे मी ठणकावून सांगते. बाल्तासार बरोबर होता. त्याला पुढे पदक मिळालं तेव्हा मी मनापासून खूश झाले.

आनिबालला काही महिने जमिनीवर ठेवलं होतं. पूर ओसरला, वाटा कोरड्या झाल्या आणि तो पुन्हा आमच्या मार्गावर यायला लागला. उतरायचा, माल द्यायचा, विमानाजवळ उभा राहायचा आणि जायचा. घर पट्टीपासून हाकेच्या अंतरावर, पण तो यायचा नाही. मला पट्टीवर जायची बंदी. एका दिवशी विमानाचं चाक दुरुस्त करायला वेळ लागणार होता म्हणून तो आला. बारीक झाला होता. मी जेवायला वाढलं. तो जेवला नाही, ताटाकडे बघत बसला.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"भोंगा वाजवला होतास का?"

मी चुलीत लाकूड सारलं. तो म्हणाला, "मला झोप येत नाही. सेवेरोकाका वर बघत होते. डोळ्यांवर हात धरून, काहीतरी शोधल्यासारखे. मला अगदी स्पष्ट दिसत होते, आणि मला वाटलं ते आता सरकतील, म्हणून मी वर गेलो नाही. भोंगा ऐकल्याशिवाय माणूस वर कशाला बघेल?"

तो मला विचारत नव्हता, माझ्याकडे मागत होता. हो म्हटलं असतं तर मी माझ्या लेकाच्या नजरेत पुन्हा त्याची आई झाले असते. आणि तो, सावध केलेल्या माणसाच्या अंगावर विमान घालणारा.

"ऊन बघत असेल," मी म्हटलं. "कातडी वाळत घातली होती ना त्याने. मी झोपले होते रे. पडल्या पडल्या डोळा लागला."

त्याचे खांदे खाली आले. इतके दिवस उचललेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसे आले, आणि त्याने घास घेतला. मग दुसरा. भुकेला होता माझा पोर. ताट पुसून खाल्लं त्याने. मला बरं वाटलं, खोटं नाही बोलत.

मग पाणी पिता पिता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी दोन फेऱ्या मारल्या असत्या. तुला जाग आली असती."

मी त्याला आणखी युका वाढला. त्याने हाताने नको म्हटलं, टोपी घेतली आणि गेला. थोड्या वेळाने नवरीचा आवाज आला. मी दारात जाऊन उभी राहिले. विमान पट्टीवरून उठलं, सरळ नदीच्या दिशेने वर गेलं आणि दिसेनासं होईपर्यंत कुठेच वळलं नाही. नियमच तसा आहे. त्या नियमासाठी गावाशी भांडले होते ती मीच.